आसनें शिकविणारा गुरु कसा असावा?

गेल्या वर्षीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, आसनें शिकावीं म्हणून मी एका वर्गांत गेलों. गुरुजींनीं नांव विचारलें, प्रकृति विचारली नाहीं. आणि तिसऱ्याच दिवशीं मला शीर्षासन करावयास लाविलें. मला रक्तदाबाचा विकार आहे. घरीं येतांच भोंवळ आली; सूनबाईनें सावरलें म्हणून निभावलें. दोष न विचारणाऱ्या गुरूचा खराच, पण न सांगणाऱ्या शिष्याचाहि! पाठाचा आरंभ विद्यार्थ्यापासून होतो, हें जन्मभर मास्तरकी केलेल्या मला तरी कळावयास हवें होतें.

वाचकहो, पतंजलींनीं आसनाचें लक्षण सांगतांना स्थैर्य आणि सुख या दोनच गोष्टी सांगितल्या. दांतओंठ खाऊन केलेलें तें आसनच नव्हे. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचें शास्त्रीय परीक्षण चालविलें, त्याचें मर्महि हेंच कीं, परंपरेचा आदर असावा, पण तपासून.

मग चांगला वर्ग कसा ओळखावा? प्रथम प्रकृतीची चौकशी. नंतर सांधे मोकळे करणाऱ्या हलक्या हालचाली. सोप्याकडून कठिणाकडे क्रम. पुढें वांकण्यास मागें वांकण्याची जोड. आणि शेवटीं शवासनास पुरेसा अवकाश. चांगला गुरु स्वतःचें कौशल्य मिरवीत नाहीं. तो शिष्याचा श्वास पाहतो, आणि “आज एवढें पुरे” म्हणावयास कचरत नाहीं.

आतां मी दुसऱ्या वर्गांत जातों. तेथील बाईंनीं पहिला दिवस केवळ प्रश्न विचारण्यांत घालविला. शीर्षासन अद्याप मिळालें नाहीं. शांत झोंप मात्र मिळाली.