अणू, रेणू आणि परमाणू : द्रव्याच्या प्रारंभिक अध्यापनातील पारिभाषिक अडचण (विशेष संदर्भ : वर्धा जिल्हा)

प्रस्तावना :
'पाण्याचा अणू' हा शब्दप्रयोग हिंदी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास अचूक वाटतो. मराठी पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने मात्र ती चूक ठरते. हिंदीत ज्यास परमाणु म्हणतात त्यास मराठीत अणू ही संज्ञा आहे, आणि हिंदीतील अणु म्हणजे मराठीतील रेणू होय. वर्धा येथे १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली आणि १९९७ साली महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय अस्तित्वात आले. मराठी मुलखातील या हिंदी केंद्रात दोन्ही परिभाषा शेजारी शेजारी नांदतात. पदवी स्तरावर त्यांत इंग्रजीची भर पडते. विद्यार्थ्याचे उत्तर संकल्पनेमुळे चुकले की शब्दामुळे, हे ठरविणे अशा वेळी अध्यापकास कठीण जाते.

विषय विवेचन :
जे जागा व्यापते व ज्यास वस्तुमान असते ते द्रव्य. (हिंदीत वस्तुमानास 'द्रव्यमान' म्हणतात, हा शब्द निदान अर्थ तरी सुचवितो.) स्थायू, द्रव व वायू या अवस्था विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या असतात, त्यांवर फार वेळ खर्च करण्याचे कारण नाही. अडचण मूलद्रव्यापासून सुरू होते. हिंदीतील 'तत्व' ऐकताच मराठी विद्यार्थ्यास आर्किमिडीजचे तत्त्व आठवते.

वैशेषिक दर्शनात परमाणू अविभाज्य मानला असून दोन परमाणूंचे द्व्यणुक होते. हिंदी परिभाषा या परंपरेस जवळची आहे. परंतु आधुनिक विज्ञानातील अणू अविभाज्य नाही. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला, रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली आणि चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन सिद्ध केला. अणूचा व्यास केंद्रकाच्या व्यासाच्या साधारणतः दहा हजार ते एक लाख पट असतो. केंद्रक चार मिलिमीटरच्या ज्वारीच्या दाण्याएवढे मानल्यास अणूचा व्यास चाळीस ते चारशे मीटर भरेल. म्हणजे दाणा एक आणि भोवती सारे वावर रिकामे! तरीही अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान त्या दाण्यातच असते.

केंद्रकातील प्रोटॉनची संख्या म्हणजे अणुअंक. मूलद्रव्याची ओळख तीवरूनच ठरते. ॲल्युमिनिअमचा अणुअंक १३ व मॅग्नेशिअमचा १२. केवळ एका प्रोटॉनच्या या फरकाचे महत्त्व पटविण्यासाठी जिल्ह्यातील काळ्या कापसाच्या जमिनीइतके उत्तम उदाहरण सापडणे कठीण आहे.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील खनिजे असतात. त्यांचा प्रत्येक थर तीन पदरी असतो : बाहेरील दोन पदर सिलिकॉन-ऑक्सिजनचे, मधला ॲल्युमिनिअम-ऑक्सिजनचा. मधल्या पदरात काही ठिकाणी ॲल्युमिनिअमच्या जागी मॅग्नेशिअम बसलेले असते. अशा प्रत्येक ठिकाणी चौकट तीच राहते, परंतु धन प्रभार एकाने उणा पडतो व थर ऋण प्रभारित होतो. तो प्रभार संतुलित करण्यासाठी कॅल्शिअम, सोडिअम यांचे आयन थरांच्या मध्ये येऊन राहतात. पावसाळ्यात पाण्याचे रेणू (येथे रेणूच!) या आयनांभोवती शिरतात, थर एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जाते, थर पुन्हा जवळ येतात व शेताला भेगा पडतात. हिंगणघाटच्या शेतकऱ्याच्या मुलास या भेगा शिकवाव्या लागत नाहीत. त्यांचे कारण तेवढे सांगावे लागते.

अध्यापनविषयक विचार :
वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतील व हस्तोद्योगाधारित शिक्षणाचा पुरस्कार केला होता. मातृभाषा दोन असलेल्या वर्गात पहिल्याच तासाला फळ्यावर तीन रकाने आखून अणू–परमाणु–ॲटम आणि रेणू–अणु–मॉलिक्यूल अशा जोड्या लिहिणे श्रेयस्कर. उत्तरपत्रिका तपासताना 'पाण्याचा अणू' आढळल्यास पुढील वाक्य वाचून मगच गुण द्यावेत. त्यात दोन हायड्रोजन व एक ऑक्सिजन असा उल्लेख असेल, तर विद्यार्थ्याला रेणू समजलेला आहे.