दोष त्या आईचा नव्हता

गेल्या महिन्यात शेजारच्या दोन वर्षांच्या मुलाला तापात आकडी आली. इस्पितळातून परतल्यावर त्याची आई एकच धोशा लावून बसली होती, "पट्ट्या ठेवायला मी उशीर केला." तिला तिथेच कुणीतरी तसं सुनावलं होतं. बालरोगतज्ज्ञ म्हणून उभी हयात घालवलेल्या मला ते फार लागलं.

आम्ही शिकत होतो तेव्हा ताप वेगळा आणि मेंदू वेगळा. 'इंटरल्यूकिन-1' हे नाव 1979 साली पडलं. ताप चढवणारा रेणू एवढीच त्याची ओळख. तो चेतापेशीच्या विजेतही हात घालतो, हे कुणी शिकवलं नाही.

ते उलगडलं 2000 नंतरच्या दशकात. 2002 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की मेंदूतल्या ग्लिया या साहाय्यक पेशींतून येणारा टीएनएफ हा दाहाचा रेणू चेतापेशीच्या पृष्ठभागावर ग्लूटामेट या उत्तेजक रसायनाचे रिसेप्टर वाढवतो. 2003 मध्ये मिलानहून कळलं, इंटरल्यूकिन-1च्या बीटा प्रकारामुळे एनएमडीए या ग्लूटामेटच्याच रिसेप्टरमधून कॅल्शियम जास्त आत शिरतं. म्हणजे पेशी आधीच तापून बसलेली, ठिणगीचाच अवकाश. मग 2005 मध्ये सेलिन ड्यूबे, अ‍ॅनामारिया वेझ्झानी आणि टॅली बराम यांचं काम आलं. ज्या उंदरांच्या पिल्लांत इंटरल्यूकिन-1चा रिसेप्टरच नव्हता, त्यांना उष्णता आणखी वाढवल्याशिवाय आकडी येईना. म्हणजे आकडीत नुसत्या तापाचा नव्हे, या रेणूचाही हात होता; दोष आईच्या उशिराचा नव्हता.

तो निबंध वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आदल्याच वर्षीची एक रात्र आठवली. ओल्या पदरात गुंडाळलेलं लेकरू, त्याच्या नाकाला लावलेल्या कांद्याचा वास, धापा टाकणारी आई. आणि मी तिला विचारलं होतं, "ताप अंगावर का काढलात?" तिने मान खाली घातली. ती मान अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

20 वर्षं उलटली, तरी ओपीडीतला प्रश्न तोच. पॅरासिटॅमॉलने ताप उतरतो, मुलाला बरं वाटतं, ते जरूर द्यावं. पण त्याने पुढची आकडी टळेलच असं नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ही आकडी येते, आणि बहुतेक मुलं पुढे ठणठणीत असतात.

आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर थेट इस्पितळ गाठा. आणि तिथल्या डॉक्टरांनो, आईला तो प्रश्न विचारू नका.