दीव बेटावरील एक उन्हाळी दिवस

अलीकडे आपल्या व्यापारी कुटुंबांतून ग्रीसच्या बेटांची वार्ता वरचेवर कानी येऊ लागली आहे. मोठ्या प्रवासी जहाजाने जावे, सकाळी एखाद्या बेटावर उतरावे, दिवसभर हिंडावे आणि भोंगा होताच पुन्हा जहाज गाठावे, असा त्या सफरीचा शिरस्ता. निळा समुद्र, पांढऱ्या भिंती, जुना किल्ला आणि माथ्यावर तळपणारा सूर्य! परंतु सुरतकरांस हे सारे पाहावयाचे तर भूमध्य समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. खंबायतच्या आखातापलीकडे, सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला लागून, सुमारे ४० चौरस किलोमीटरांचे दीव बेट आहे. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे त्याचे नाव पुष्कळदा भलत्याच कारणाने घेतले जाते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहणाऱ्यास मात्र तेथे ग्रीसच्या बेटांइतकेच शिकण्याजोगे आहे.

३१ मार्च २०२१ रोजी हजिऱ्याहून दीवला जाणाऱ्या प्रवासी जहाजाचा प्रारंभ झाला. सायंकाळी निघावे, रात्र समुद्रावर काढावी आणि सकाळी बेटावर पाऊल ठेवावे, अशी त्याची आखणी होती. हा मार्ग नवा नव्हे. आपल्या पूर्वजांची गलबते शतकानुशतके याच पाण्यातून गेली. भेद एवढाच की, एके काळी त्यांस दीवला थांबणे भाग होते, आणि आज प्रवासी आपखुशीने थांबतो. या भेदातच दीवचा सारा इतिहास सामावला आहे.

बेटावर उतरलेल्याने ऊन चढण्यापूर्वी किल्ला पाहून घ्यावा. बेटाच्या पूर्व टोकावर, तीन बाजूंनी समुद्र असलेला हा दुर्ग हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेल्या सुलतान बहादूरशहाने पोर्तुगीजांस १५३५ साली बांधू दिला. दोनच वर्षांनी, १५३७ मध्ये, त्याच पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत दीवच्या समुद्रात सुलतानाचा अंत झाला. संकटात घेतलेल्या मदतीचे मोल किती द्यावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण विरळा! पुढे १५३८ आणि १५४६ साली किल्ल्यास मोठे वेढे पडले; तो टिकला. बुरुजावर उभे राहिले की समोर पाण्यात पाणीकोठा हा जहाजाच्या आकाराचा लहानसा दुर्ग दिसतो.

या किल्ल्यापूर्वी दीवचा सुभेदार मलिक अयाझ हा होता. त्याने हे बंदर नावारूपास आणले आणि पोर्तुगीजांस तेथे पाय रोवू दिले नाहीत. त्याच काळी आपल्या सुरतेत मलिक गोपी हा मातब्बर गृहस्थ होता. गोपी तलाव आणि गोपीपुरा त्याच्याच नावाचे. त्याचे मत उलट, म्हणजे फिरंग्यांशी सलोखा राखून व्यापार सांभाळावा, असे होते. दोघांपैकी शहाणा कोण, याचा निवाडा आजही सोपा नाही. मात्र ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या समुद्रात गुजरात, इजिप्त व कालिकत यांच्या एकत्र आरमाराचा पराभव झाल्यानंतर बळाचे पारडे कोणाकडे झुकले होते, हे स्पष्ट आहे.

बारा वाजण्याच्या सुमारास किल्ला सोडावा. वैशाखातील उन्हात तेथील दगड असा तापतो की, वरून सूर्य आणि खालून फरसबंदी, अशी दुहेरी आच लागते. समुद्राचा वारा सुखावतो, म्हणून ऊन बाधणार नाही असे समजणे मोठे घातक आहे. जुलै २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अथेन्सचा प्रसिद्ध आक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावा लागला. जून २०२४ मध्ये ग्रीसच्या बेटांवर तळपत्या उन्हात पायी निघालेले काही प्रवासी प्राणास मुकले. म्हणून वृद्धांनी व मुलांनी डोके झाकावे, उकळून गार केलेले पाणी जवळ बाळगावे, तहान लागण्याची वाट न पाहता ते घ्यावे. कोणी असंबद्ध बोलू लागला वा त्याचे अंग तापले, तर त्यास सावलीत नेऊन अंग ओले करावे आणि तत्काळ दवाखाना गाठावा.

दुपार घालविण्यास जुन्या शहरासारखी जागा नाही. गल्ल्या अरुंद, त्यामुळे घरांची सावली एकमेकांवर पडते. कोरीव कामाची नगरशेठ हवेली पाहिली म्हणजे येथे केवळ शिपायांची नव्हे, तर सावकारांचीही वस्ती होती, हे ध्यानी येते. हा तापदायक सूर्य दीवने कामालाही लावला आहे. दिवसाच्या विजेची सारी गरज सौरऊर्जेवर भागविणारे शहर म्हणून त्याचा २०१८ साली गौरव झाला.

हवेलीच्या सावलीत जुन्या जमाखर्चाचा विचार मनात येतो. पोर्तुगीजांनी समुद्रावर ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याची सक्ती केली. परवाना घ्यावा, दीवच्या नाक्यावर जकात भरावी, मगच पुढे जावे. एरवी जहाज व माल जप्त! १६८६ साली दीवच्या वाण्यांच्या एका मंडळास मोझांबिकच्या व्यापाराचा मक्ता मिळाला. त्या मंडळाचे पोर्तुगीज नाव ‘मझानेश’. ते आपल्या ‘महाजन’ शब्दावरूनच आले. कापड तिकडे जाई, हस्तिदंत इकडे येई. आणि त्याच जहाजांतून माणसेही विकण्यासाठी आणली जात. ही गोष्ट झाकून ठेवण्यात भूषण नाही. नफा किती झाला याबरोबर तो कशातून झाला, हेही वहीत लिहिले पाहिजे.

सक्तीची जकात फार काळ टिकत नाही. १६१२ साली हजिऱ्यालगतच्या सुवाळी किनाऱ्यासमोर इंग्रजांनी पोर्तुगीजांस मागे हटविले, आणि सुरतेच्या व्यापाऱ्यास दुसरा वाली मिळाला. ग्रीसमधील डेलोस बेटाची कथाही बोध घेण्याजोगी आहे. इ.स.पू. १६६ च्या सुमारास रोमने ते जकातमुक्त बंदर केले आणि तेथे जगाचा बाजार भरू लागला; गुलामांचाही. इ.स.पू. ८८ व ६९ मध्ये ते लुटले गेले, व्यापार अन्यत्र वळला आणि बेट ओस पडले. आज तेथे प्रवासी दिवसा येतात. रात्रीच्या मुक्कामास त्यांना मनाई आहे.

एका दिवसाच्या पाहुण्यांचाही हिशेब असतो. वाटा, पाणी, कचरा यांचा भार गावावर आणि खर्चाचा पैसा मात्र जहाजावर, अशी तक्रार वाढल्यावर ग्रीसने जुलै २०२५ पासून जहाजाने येणाऱ्या प्रवाशांवर कर बसविला. सँटोरिनी व मिकोनोस येथे गर्दीच्या हंगामात तो माणशी २० युरो ठरला. कार्ताझ आणि हा कर यांत अंतर आहे. तरी पाहुण्याने आपण होऊन गावाचे काही दिले असते, तर कराची वेळ कदाचित आली नसती.

सायंकाळी समुद्रकाठच्या ‘खुकरी’ स्मारकापाशी जावे. १९ डिसेंबर १९६१ रोजी दीव भारतात आले. त्यानंतर दहा वर्षांनी, ९ डिसेंबर १९७१ रोजी, याच समुद्रात ही युद्धनौका बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक कामी आले. आपली जहाजे आज कोणाचाही परवाना न काढता येथून जातात, ती अशांच्या बळावर. तेथे क्षणभर स्तब्ध उभे राहावे. नंतर बाजारातील एखाद्या लहान दुकानातून घासाघीस न करता चार वस्तू घ्याव्यात, आपला कचरा आपल्याबरोबर न्यावा, आणि मगच परतीची वाट धरावी. ज्या बंदरात लोक आपखुशीने थांबतात, तेच बंदर दीर्घकाळ नांदते. आणि पेढीचेही तसेच आहे.