सीमेपलीकडून चाललेला लढा

स्वतःच्या भूमीवर सभा भरवितां येत नाहीं, पत्र छापतां येत नाहीं, तेव्हां परभूमि हाच स्वातंत्र्याच्या चळवळीचा आधार होतो. आयर्लंडच्या इतिहासांत हें स्थान अमेरिकेला लाभलें. 1845 नंतरच्या दुष्काळानें देशोधडीला लागलेल्या आयरिशांनीं न्यूयॉर्क येथें 1858 मध्यें फेनियन संघ स्थापिला. पुढें 1919-20 मध्यें डी व्हॅलेरा यांनीं तेथेंच रोखे विकून पन्नास लाख डॉलरांहून अधिक निधि उभारला.

मराठवाड्याला इतकें दूर जावें लागलें नाहीं. निजामी राज्यांत 1938 मध्यें स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वींच बंदी आली. ती उठावयास 1946 साल उजाडलें. 15 ऑगस्ट 1947 रोजीं देश स्वतंत्र झाला, पण निजाम वेगळाच राहिला आणि स्वामी रामानंद तीर्थ यांना हैदराबादेंत अटक झाली. वकिलांनीं कोर्टें सोडलीं, विद्यार्थ्यांनीं शाळा सोडल्या, रझाकारांच्या भयानें कुटुंबेंच्या कुटुंबें सीमेपार गेलीं. तेथें कृतिसमितीनें छावण्या उभारल्या. नांदेडकरांची छावणी वऱ्हाडांतील उमरखेडला होती. तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडणाऱ्या लातूरकडील मंडळींना सोलापूर-बार्शीचा आसरा मिळाला. पत्रकें वाटणें, निर्वासितांची सोय लावणें, करोडगिरीचीं नाकीं उद्ध्वस्त करणें अशीं कामें येथून चालत.

परंतु पैसा कोठून आणावयाचा? आयरिशांच्या पाठीशीं मजुरीवर जगणारे लक्षावधि देशबांधव होते. येथील निर्वासित रिकाम्या हातांनीं आलेले. म्हणून 30 जानेवारी 1948 रोजीं नांदेड जिल्ह्यांतील उमरीची बँक लुटून ती रक्कम आंदोलनासाठीं नेण्यांत आली. त्याच सायंकाळीं दिल्लींत महात्माजींचा खून झाला! सत्याग्रहाच्या संस्कारांत वाढलेल्या संघटनेनें शस्त्र कोठवर धरावें, हा प्रश्न याहून कठोरपणें क्वचितच उभा राहिला असेल. शिवाय 29 नोव्हेंबर 1947 च्या ‘जैसे थे’ करारामुळें भारत सरकारचीही कुचंबणा होती. आपल्या हद्दींतून होणाऱ्या हल्ल्यांबद्दल निजाम सरकारच्या तक्रारी त्याला ऐकाव्या लागत.

13 सप्टेंबर 1948 रोजीं भारतीय सैन्य राज्यांत शिरलें. 17 तारखेस निजाम शरण आला. बहुतेक आयरिश अमेरिकेंतच राहिले. मराठवाड्याचे निर्वासित मात्र वर्षभरांत घरीं परतले. पण त्या विजयामागोमाग सूडाची लाट आली आणि जे रझाकार नव्हते असे अनेक मुसलमानही तींत बळी पडले. सुंदरलाल समितीनें सर्वांत अधिक झळ पोंचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची गणना केली. सीमेपलीकडून राज्य हटवितां येतें. शेजाऱ्याशीं तुटलेला विश्वास मात्र गांवांत राहूनच जोडावा लागतो.