मॉर्गन डॉलरच्या गालावरचे ओरखडे

वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी ९० टक्के आणि उरलेलं तांबं. अमेरिकेच्या टाकसाळींनी १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली पाडलेल्या मॉर्गन डॉलरचं हे माप. हलक्या धातूचं खोटं नाणं पकडायला अचूक काटा आणि व्हर्नियर एवढ्यानं भागतं. लोखंडाचं असेल तर चुंबकच सांगतो. पण समोरचं नाणं नुसत्या चांदीच्या भावाचं की शेकडोपट मोलाचं, हे काटा सांगत नाही. त्यासाठी ते कसं पाडलं गेलं आणि पुढे कुठे पडून राहिलं, हे जाणणारी नजर लागते.

छाप्यावरचा स्वातंत्र्यदेवीचा चेहरा घडवला इंग्लंडहून फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत आलेल्या जॉर्ज मॉर्गन या कोरक्यानं. त्यासाठी ॲना विल्यम्स ही त्याच शहरातली शिक्षिका त्याच्यासमोर बसली होती. नाण्याचा जन्म मात्र राजकारणातून झाला. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्यानं सरकारला दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडणं भाग पडलं. एवढी जड नाणी खिशात बाळगायला लोक फारसे राजी नव्हते. मग हजार-हजारांच्या कापडी पिशव्या भरून ती तळघरांत रचली गेली.

या पिशव्यांमुळेच मॉर्गन डॉलर पारखणं अवघड आणि तितकंच रंजक झालं आहे. पिशव्या उचलता-आपटताना एका नाण्याची कड दुसऱ्याच्या तोंडावर बसे. म्हणून कोणाच्याही हाती न गेलेल्या कोऱ्या नाण्यावरही घाव असतात, आणि सगळ्यांत आधी ते दिसतात देवीच्या रुंद, मोकळ्या गालावर. जाणकार प्रथम गाल पाहतो. मग दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करून फिरवतो. ठशाच्या जबर दाबाखाली चांदी मधून कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात. त्यांच्यामुळे प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गरगरतात. हाताळणीनं ही झळाळी सर्वांत आधी जाते, ती सगळ्यात उंच भागांवरून: कानावरचे केस आणि काट्यावरच्या, म्हणजे मागच्या बाजूच्या, गरुडाची छाती.

नेमकी इथेच नवख्याची फसगत होते. न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीत अनेकदा ठसा कमी जोरानं बसे. तिथल्या कित्येक कोऱ्या नाण्यांवरही कानावरचे केस सपाट आणि गरुडाची छाती पिसांविना असते. ही झीज नव्हे. सपाट जागेवर झळाळी शाबूत असेल तर ठसा उथळ. ती मरून राखाडी पडली असेल तर नाणं वापरलेलं. या दोहोंतला फरक ज्याला कळला त्याला निम्मी विद्या आली, असं माझं मत आहे.

प्रत ठरवण्याची १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली, तीही अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. ६० पासून वरची नाणी कोरी. १९८६ पासून पीसीजीएस आणि १९८७ पासून एनजीसी या संस्था नाणं तपासून, अंक देऊन प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात. ६४ आणि ६५ यांच्यात गालावरच्या एखाद्या घावाचा फरक असतो. दुर्मीळ सालात किंमत मात्र कित्येक पटींनी बदलते.

ही सालं दुर्मीळ होण्यामागे आपल्या मुंबईचाही हात आहे. पहिल्या महायुद्धात नोटा देऊन चांदीचे रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली आणि हिंदुस्थान सरकारचा साठा आटत चालला. तेव्हा अमेरिकेनं १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत इकडे आली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळींत तिचे रुपये झाले. कोणत्या सालचे किती डॉलर भट्टीत गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे किती पाडले या आकड्यावरून किती उरले ते कळत नाही. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर अतिदुर्मीळ समजला जाई. १९६२ मध्ये सरकारी तळघरांतून त्याच्या पिशव्या निघाल्या आणि भाव कोसळला.

जिथे भाव तिथे लबाडी. सॅन फ्रान्सिस्कोत १८९३ साली फक्त एक लाख डॉलर पडले. म्हणून त्याच सालच्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर, हाराच्या गाठीखाली, सॅन फ्रान्सिस्कोची खूण असलेलं ‘एस’ अक्षर चिकटवलं जातं. चांदी खरी, वजन खरं, नाणंही टाकसाळीतलंच! अशा वेळी भिंगातून अक्षराच्या बुडाशी सांधा शोधावा लागतो. शिवाय या सालचे सगळे अस्सल ‘एस’ डॉलर छाप्याच्या एकाच ठशातून निघाले आहेत; लिबर्टी शब्दातल्या ‘टी’च्या माथ्यावर त्या ठशाची तिरपी बारीक उठावदार रेघ असते.

याहून मोठा धडा २००५ साली मिळाला. न्यू ऑर्लिन्सचे १८९६, १९०० आणि १९०२ चे काही डॉलर बारीक ‘ओ’ अक्षरामुळे खास प्रकार म्हणून नावाजले होते. पीसीजीएसनंही ते प्रमाणित केले होते. अभ्यासकांनी ठसे जुळवले, तेव्हा तिन्ही वर्षांच्या नाण्यांचा काटा एकाच ठशाचा निघाला. ती जुनी खासगी बनावट होती आणि तीही चांदीचीच! चांदी स्वस्त असताना डॉलरभर चांदीला डॉलरपेक्षा बराच कमी खर्च येई, त्यामुळे खऱ्या धातूतही नफा सुटे. पीसीजीएसनं त्यांना प्रमाणपत्र देणं बंद केलं.

आता एक विनंती. आपल्याकडे दिवाळीआधी चांदी दंतमंजनानं किंवा चिंचेनं लखलखीत करण्याची रीत आहे. समया-तबकांना ती शोभते. पण घरात कुणी अमेरिकेहून आणलेला किंवा आजोबांच्या पेटीतला असा डॉलर असेल, तर त्याला हे करू नका. घासल्याचे बारीक चरे भिंगाखाली लगेच ओळखू येतात आणि गेलेली मूळ झळाळी कोणत्याही उपायानं परत येत नाही. काळपट दिसला तरी असू द्या. कडेला धरून उचला, वजन करा, हाराच्या गाठीखालचं अक्षर वाचा आणि आहे तसाच जाणकाराला दाखवा.