बारातलं एक कमी: मार्सलीन देबोर्द-व्हालमोर

आजच्या भागात एक फ्रेंच कवयित्री. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे नुसतं मार्सलीन म्हणते. व्हर्लेन आणि रँबो ही नावं कदाचित तुमच्या कानावरून गेली असतील. या दोघांच्या आधी ही होती.

जन्म १७८६चा, उत्तर फ्रान्समधल्या दुए गावात. वडील सरदार घराण्यांची मानचिन्हं रंगवायचे. क्रांती झाली, सरदारकीच गेली, मग चिन्हं रंगवून कोण घेणार? धंदा बसला. आई तिला घेऊन समुद्रापार ग्वादलूप बेटावर गेली आणि तिथे पिवळ्या तापाने वारली. पोर एकटी परतली. पोटासाठी नाटकांत काम केलं, गायली. शाळा जवळपास नाहीच. जे शिकली ते स्वतःच.

पहिला संग्रह आला १८१९ साली. फ्रेंच रोमँटिक कवितेची सुरुवात लामार्तीनच्या १८२०च्या संग्रहापासून मोजायची पद्धत आहे. म्हणजे मार्सलीन एक वर्ष आधीच हजर! पण लोक म्हणायचे, ही काय, मनातलं जसंच्या तसं कागदावर उतरवते. बोदलेरनेही तिचं भरभरून कौतुक केलं, तेही याच सुरात: उपजत, नैसर्गिक.

माझा आक्षेप इथेच आहे. फ्रेंच छंदात अक्षरं मोजतात, आपल्या अभंगात मोजतात तशीच. त्यांची मानाची ओळ बारा अक्षरांची, बरोबर मध्ये सहावर थांबायचं. सहा-सहा, अगदी तराजू. मार्सलीनने काही कवितांत त्यातलं एक काढलं: पाच आणि सहा. अकरा. कान बाराची वाट बघत असतो आणि ओळ आधीच संपते. चालताना जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं. लहानपणच्या शेतांची आठवण सांगणारी तिची एक अख्खी कविता या चालीत आहे. आता सांगा, कवितेच्या सगळ्या ओळींत अक्षरं अकराच भरणं हे नुसत्या भावनेच्या भरात होतं का? कोड लिहिणाऱ्या माणसाला तरी हे पटणार नाही.

व्हर्लेनला ते कळलं होतं. रँबोने तिचं सगळं वाचायला जवळजवळ भागच पाडलं, असं तो स्वतः लिहितो. १८८८मध्ये त्याच्या ‘शापित कवी’ या पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती निघाली. त्यात बाई एकच, मार्सलीन. अकराच्या ओळीचं श्रेयही त्याने तिला दिलं.

आणि ती फक्त प्रेम आणि विरहच लिहायची, हेही खरं नाही. एप्रिल १८३४मध्ये ल्योंमध्ये रेशीम विणकरांचा उठाव सैन्याने चिरडला. शेकडो माणसं मेली. नवऱ्याच्या नाटकाच्या नोकरीमुळे ती तेव्हा त्याच शहरात राहत होती. त्या हत्याकांडावर तिने लिहिलेली कविता संग्रहात छापली गेली १८६०मध्ये. मार्सलीन गेली १८५९ला.