पहिली भाषा कोणती आणि पुस्तक कुठलं?

बारावीनंतर इंजिनिअरिंगला किंवा बीसीएसला प्रवेश झाला की मुलांना एक सल्ला हमखास मिळतो : 'आधी सी शिक, पाया पक्का होईल.' सांगणाऱ्याची तळमळ खरी असते, पण प्रोग्रॅमिंगचा पाया म्हणजे सी हे समीकरण चुकीचं आहे. मोठं काम लहान पायऱ्यांत मांडणं, अटी आणि लूप वापरणं, फंक्शन लिहिणं, आपलीच चूक शोधून काढणं, हा पाया. तो बऱ्याच भाषांत घालता येतो. सीमध्ये त्याच वेळी मेमरी आणि पॉइंटरही सांभाळावे लागतात. ऑपरेटिंग सिस्टिम किंवा मायक्रोकंट्रोलरकडे वळायचं असेल तर हे ज्ञान हवंच; मात्र ते पहिल्याच महिन्यात हवं असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने प्रोग्रॅमिंगची ओळख अनेक वर्षं स्कीम या भाषेतून करून दिली आणि पुढे पायथन घेतली.

पायथन म्हणजे कालपरवाची, पोराटोरांची भाषा, असंही म्हटलं जातं. पायथन १९९१ साली लोकांसमोर आली, जावा १९९५ साली. २०१९मध्ये जगाने कृष्णविवराची पहिली प्रतिमा पाहिली, तिच्यामागच्या आकडेमोडीत पायथनचा मोठा वाटा होता. ही भाषा सीपेक्षा संथ आहे हे खरं. म्हणून तर तिच्या गणिती लायब्ररींचा जड भाग बहुतेक वेळा सीसारख्या भाषेत लिहिलेला असतो. शिकणाऱ्याला या संथपणाची झळ क्वचितच लागते.

माझ्या मते खरं नुकसान भाषेच्या निवडीत होत नाही, पुस्तकाच्या निवडीत होतं. 'भाषा तीच, मग थोरल्या भावाचं पुस्तक चालेल' हा समज सगळ्यात महागात पडतो. आपल्याकडे अजूनही टर्बो सी या जुन्या कंपायलरवर बेतलेली पुस्तकं आणि नोट्स हातोहात फिरतात. टर्बो सी १९८७ची, म्हणजे सीचं पहिलं अधिकृत मानक १९८९मध्ये ठरलं त्याच्याही आधीची. तिच्यात साधा पूर्णांक दोन बाइटचा. ३२,७६७मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८ येई. आजच्या नेहमीच्या कंपायलरवर पूर्णांक चार बाइटचा असतो आणि उत्तर सरळ ३२,७६८ येतं. पडदा पुसणारं 'सीएलआरएससीआर' सीच्या मानकात कधीच नव्हतं. पुस्तकात एक आणि पडद्यावर दुसरंच दिसलं की नवखा विद्यार्थी स्वतःलाच मठ्ठ समजू लागतो, याचं मला फार वाईट वाटतं. पायथन दोन या जुन्या आवृत्तीवरच्या पुस्तकांचंही तसंच. तिचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि त्या पुस्तकांतली 'प्रिंट'ची पहिलीच ओळ आज चालत नाही.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'ने कित्येकांना सी शिकवली. ते घ्यायचं तर अलीकडची आवृत्ती घ्या. कर्निगन आणि रिची यांचं १९७८चं सीवरचं पुस्तक थोर आहे, पण ते अगदी नवशिक्यांसाठी नाही, असं लेखकांनी प्रस्तावनेतच सांगितलं आहे. पायथनसाठी ॲलन डाउनी यांचं 'थिंक पायथन' आणि अल स्वाइगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन' ही दोन्ही पुस्तकं लेखकांनीच इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवली आहेत.

इंग्रजी कच्चं म्हणून मागे राहू नका. पायथनचे राखीव शब्द पस्तीसच्या आसपास आहेत. पायथन तीनमध्ये चलाचं नाव 'वय' किंवा 'बेरीज' असं देवनागरीत देता येतं, आणि वापरणाऱ्याने '१५' असं टाइप केलं तरी 'इंट' हे फंक्शन त्याची संख्या करून देतं. चूक दाखवणारे संदेश तेवढे इंग्रजीत येतात, आणि ते तेच ते असल्याने लवकर ओळखीचे होतात.

पुस्तक विकत घेण्याआधी त्यातलं एखादं उदाहरण आपल्या कॉम्प्युटरवर जसंच्या तसं चालवून बघा. चाललं नाही तर ते पुस्तक घेऊ नका, मग ते कोणीही सुचवलेलं असो.